आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसातली वर्षं: तुमचे अनुभव सांगा

भाचा यंदा स्ट्रक्चर्समध्ये एम.टेक. होतोय. पुण्यात एका स्ट्रक्चरल (आरसीसी) कन्सल्टंटकडे, म्हणजे इमारतीचे कॉलम-बीम-पाया डिझाइन करणाऱ्या ऑफिसात, नोकरी मिळतेय आणि एका बिल्डरकडेही. पगार बिल्डरकडे बराच जास्त. मी स्वतः सात वर्षं कन्सल्टन्सीत काढली, पण तो काळ जुना. पहिल्या दोन वर्षांत माझ्या हाताखालून बंगला, शाळा, पाण्याची टाकी, गोदाम असं सगळं गेलं. बिल्डरकडे लागलेल्या मित्राने तेवढ्या काळात एकच इमारत पाहिली. ती शिदोरी मला आजही पुरतेय. आताची परिस्थिती काय आहे? काय मिळालं, काय गमावलं, मोकळेपणाने लिहा.

*

मी सहा वर्षं कन्सल्टंटतर्फे साइटवर सळया तपासायला, चेकिंगला, जात होते. एकदा कॉलमचं शटरिंग लावायच्या आदल्या संध्याकाळी पोचले, तर उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हूक (टोकं) सगळे ९० अंशात वाकवलेले. आयएस १३९२० मध्ये, म्हणजे भूकंपाला टिकणाऱ्या आरसीसीच्या भारतीय मानकात, १३५ अंश सांगितलेत. भूकंपात बाहेरचं काँक्रीट निखळलं की ९० अंशाचा हूक उघडतो, रिंग सुटते आणि कॉलमच्या गाभ्याला आवळून धरणारं काही उरत नाही. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, सगळीकडे असंच करतात." मी सरांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "भरू देऊ नकोस. मी बोलतो त्यांच्याशी."

काम दोन दिवस थांबलं, रिंगा बदलल्या. त्या बिल्डरने पुढचा प्रोजेक्ट दुसऱ्या कन्सल्टंटला दिला. ऑफिसचं मोठं नुकसान झालं, पण सर मला एका शब्दाने बोलले नाहीत. असा माणूस डोक्यावर असणं ही या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आजीचं घर गेलं. किल्लारीत पडली ती दगडमातीची घरं होती, आरसीसी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी रिंगा मोजताना मला तेच घर दिसतं.

*

ताई, तुमच्यासारखे सर सगळ्यांना मिळत नाहीत. आमच्याकडे फी स्क्वेअर फुटावर ठरते आणि टप्प्याटप्प्याने येते: पाया, प्लिंथ, मग एकेक स्लॅब. बिल्डरचं काम रखडलं की आमचा हप्ता रखडतो, आणि मग पगार. एका वर्षी दिवाळीचा पगार जानेवारीत झाला. वर आर्किटेक्ट पार्किंगसाठी प्लॅन बदलत राहतो. इमारतीचं तेच कॉम्प्युटर मॉडेल सहाव्यांदा करायचं, रात्री अकरापर्यंत बसायचं, फी मात्र पहिलीच. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत मी तिला जागी फक्त रविवारी पाहिली. ते दिवस परत मिळणार नाहीत.

*

आर्किटेक्टवरून आठवलं. पूर्वी २३० मिमीचे कॉलम नऊ इंची भिंतीत लपून जायचे. आयएस १३९२० च्या २०१६ च्या सुधारणेत कॉलमची रुंदी किमान ३०० मिमी झाली आणि कॉलम खोलीत डोकावू लागले. प्रत्येक मीटिंगमध्ये त्यावरून वाद. पण "का?" याचं उत्तर समोरच्याला पटेल असं द्यायला मी त्या वादांतच शिकलो. कॉलेजात ते कुणी शिकवलं नव्हतं.

*

दुबईत मोठ्या फर्ममध्ये आहे. पगार वेळेवर, सुट्ट्या ठरलेल्या. पण दोन वर्षं फक्त पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब (काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या केबल ताणतात ते) करतोय. पाया कसा ठरवतात ते विसरायला लागलोय.

*

मी आयटीआय केलेला ड्राफ्ट्समन, याच धंद्यात एकवीस वर्षं. भाच्याला दोन गोष्टी सांगा. पहिलं वर्ष सळयांचं डिटेलिंग स्वतःच्या हाताने करायला मागून घे. बीम-कॉलमच्या जोडात आठ सळया कागदावर सहज बसतात, साइटवर त्यांच्यातून खडीसुद्धा खाली उतरत नाही. आणि मुलाखतीतच विचार, "मला साइटवर पाठवणार का?" नुसतं ईटॅब्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालवायला बसवणार असतील, तर दुसरं ऑफिस बघ. पुण्यात पुष्कळ आहेत.