बॅकअपवरून घरचा सर्व्हर परत उभा केलाय का कुणी?

अर्धा कप: काल रात्री लाईट तीनदा गेली-आली आणि पोटात गोळाच आला. दोन वर्षांपूर्वी अशाच पावसात रास्पबेरी पायचं (आमचा सर्व्हर म्हणजे हाच चिमुकला कॉम्प्युटर) एसडी कार्ड मेलं होतं. सिनेमे, गाणी वेगळ्या हार्ड डिस्कवर, ती शाबूत. गेली जेलीफिनची (घरचे सिनेमे-गाणी लावणारं सॉफ्टवेअर) आठवण: कुणी काय कुठवर पाहिलं, आईच्या भजनांच्या याद्या, सगळं. बॅकअप होता हो! रोज पहाटे ३ ला. पण नेमकं तेव्हाच लायब्ररी स्कॅन चालायचं, त्यामुळे डेटाबेसची कॉपी अर्धीमुर्धी. परत ठेवली की 'मालफॉर्म्ड', म्हणजे फाइल बिघडलेली. शेवटी महिनाभर जुनी एक प्रत धड निघाली, कारण त्या दिवशी अपडेटसाठी सर्व्हिस थांबवून चालू करायला विसरलो होतो! तुमचंही लिहा.

खिडकीतला कावळा: सर्व्हिस थांबवूनच कॉपी. नाहीतर एसक्यूलाइटची (जेलीफिनचा डेटाबेस त्यातलाच) स्वतःची बॅकअप कमांड, ती चालू डेटाबेसचीही नीट प्रत काढते.

दुधाची पिशवी: कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमचा बॅकअप धड होता, पण नव्या मशीनवर डिस्क वेगळ्या नावाने माउंट केली (जोडली) नवऱ्याने. फाइलींचे जुने पत्ते जुळेनात, 'पाहिलं'च्या खुणा गायब. लेकीने तेच कार्टून भाग १ पासून लावलं. तिची चंगळ!

उंबऱ्याबाहेर: मी सगळं रूटने (सर्वाधिकारी यूजरने) रिस्टोअर केलं. सर्व्हिस उठेचना. दोन रात्री गेल्या, मग चाऊन (फाइलींची मालकी बदलायची कमांड) केलं. बायको म्हणे, काय चावून?

दुधाची पिशवी: 😂😂

जुनी पेठ: 'रेड आहे, दोन डिस्कवर तोच डेटा, बॅकअप कशाला' म्हणणारा शहाणा मीच. चिरंजीवांनी जागा करायला फोल्डर उडवलं, दोन्ही डिस्कवरून एका दमात साफ. त्यांच्याच मुंजीचं शूटिंग.

दुधाची पिशवी: अगं बाई! कॅसेट आहे ना मूळ?

जुनी पेठ: आहे, बुरशी धरलेली. व्हीसीआर कुणाकडे आहे का?

खिडकीतला कावळा: माझ्याकडे. पण तशीच घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

उंबऱ्याबाहेर: अर्धा कप, भजनं कुणाची?

अर्धा कप: गावच्या मंडळाची, मामाने टेपवर धरलेली. दुसरी प्रत बहिणीकडे, पेनड्राइव्हवर.

उंबऱ्याबाहेर: शेवटची कधी वाजवून पाहिली?

अर्धा कप: परवा म्हणत होती, टीव्हीला लावलाय, मालिका रेकॉर्ड करायला. थांबा, फोन लावतो.