येशूच्या पुनरुत्थानावरचा विश्वास रोजच्या कामात कसा जगावा?

प्रश्न: ईस्टरच्या पहाटे शरणपूरच्या दफनभूमीत आईच्या कबरीवर मेणबत्ती लावून ‘प्रभू उठला आहे’ असे मी मनापासून म्हणते, पण सोमवारी दवाखान्यात ड्यूटीवर गेले की तोच विश्वास कुठे हरवतो, हे मला उमगत नाही. तो रोज कसा जगावा?

उत्तर १: ताई, बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय शेवटपर्यंत वाचावा. मृत्यूवरील विजयाची एवढी मोठी मांडणी करून पौल ५८व्या वचनात थेट कामावर येतो: प्रभूमध्ये केलेले श्रम व्यर्थ जात नाहीत. म्हणजे जो रुग्ण कदाचित उद्या नसेल, त्याची चादर आज सुरकुती न ठेवता बदलणे हेही वाया जात नाही, कारण त्याचे शरीरही देवाला मोलाचे आहे. (हा अध्याय आपल्याकडे बहुधा अंत्यविधीतच ऐकू येतो, याची मला खंत वाटते.)

उत्तर २: योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात उठलेला प्रभू रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवतो. ते वाचून मी अबोला धरलेल्या भावाला जेवायला बोलावले.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आज रात्रपाळी आहे. निघण्यापूर्वी दोन्ही अध्याय वाचते.