बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेतल्याने दम जास्त का टिकतो?

खानापूरकर:
मे महिन्यात भाचे मंडळी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पोहायला येतात आणि तळाशी टाकलेला पांढरा दगड कोण वर आणतो यावर त्यांच्यात पैज लागते. थोरल्याचे म्हणणे असे, की उडीपूर्वी पंधरा-वीस मोठे श्वास भराभर घेतले तर पाण्याखाली दम जास्त टिकतो. मी काठावर बसून, घड्याळ समोर ठेवून स्वतःवर प्रयोग केला. एरवी 40 सेकंदांत जीव कासावीस होतो, तेथे 70 सेकंद निघाले. मात्र बोटांना मुंग्या आल्या आणि डोके हलके झाले. यात शरीरात खरोखरच जादा ऑक्सिजन साठतो का? आणि ‘आता श्वास घे’ हा हुकूम नेमका कोण सोडतो?

जुना मास्तर:
ऑक्सिजन फारसा साठत नाही. निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन (रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारा घटक) एरवीच सुमारे 97 टक्के भरलेले असते, त्यामुळे भरल्या घागरीत आणखी किती ओतणार? घटतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि सारी गंमत त्यातच आहे. हुकूम सोडणारे केंद्र मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत आहे. तेथून निघालेली आज्ञा मानेतून उतरणाऱ्या मज्जातंतूंवाटे श्वासपटलाला (छाती व पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) पोहोचते, ते आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. या केंद्रालगतच्या संवेदी पेशी मेंदूभोवतीच्या द्रवाची आम्लता सतत चाचपत असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्या द्रवात झिरपला की आम्लता वाढते आणि श्वासाची ओढ लागते. हॉल्डेन व प्रीस्टली यांनी 1905 मध्ये दाखवले, की फुप्फुसांतील या वायूचा दाब शरीर कमालीच्या काटेकोरपणे सांभाळते. धमनीत तो साधारण 40 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या पेशी मानेतील धमनीपाशी आहेत (त्या शोधासाठी हेमान्स यांना 1938 चे नोबेल मिळाले), परंतु ऑक्सिजनचा दाब सुमारे 100 वरून 60 पर्यंत उतरेपर्यंत त्या फारशी हाकाटी करत नाहीत.

मार्कंडेयकाठ:
मास्तरांनी सांगितलेला हा शेवटचा मुद्दाच विहिरीत जिवावर बेततो. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड इतका खाली जातो, की तो पुन्हा चढून इशारा देण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो आणि मुलगा कासावीस न होताच शुद्ध हरपतो. आमच्या भावकीतल्या एका पोराचे असेच झाले: तो तळाशी शांत दिसत होता, म्हणून काठावरचे आम्ही आकडे मोजत कौतुक करत राहिलो. हातातला दगड सुटून गाळात रुतला तेव्हा कुठे थोरल्या भावाने सूर मारला. पोरगा वाचला, त्याला विचारले तर म्हणाला, श्वास घ्यावासाच वाटला नाही. आपण आपल्या भाच्यांची ती युक्ती आजच बंद करावी.

खानापूरकर:
आजच बंद करतो. पण मुंग्या आणि घेरी कशामुळे? ऑक्सिजन पुरेसा असताना डोके का फिरावे?

जुना मास्तर:
कार्बन डायऑक्साइड घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्तात ऑक्सिजन असूनही तो मेंदूपर्यंत कमी पोहोचतो. शिवाय रक्ताचा आम्लपणा उतरल्याने त्यातील मोकळे कॅल्शियम कमी होते, मज्जातंतू चटकन उत्तेजित होतात आणि बोटे, ओठ बधिर होऊन झिणझिण्या येतात. सावकाश श्वास घेतला की काही मिनिटांत सारे पूर्ववत होते.

सीमेवरचा:
मास्तरांच्या उत्तरात एक पुरवणी जोडतो. दम तुटण्याला एकटा कार्बन डायऑक्साइड कारणीभूत नाही. 1954 मध्ये फाउलर यांनी दम अगदी तुटायच्या क्षणी माणसांना 8 टक्के ऑक्सिजन आणि 7.5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचे काही श्वास घेऊ दिले. रक्तातील वायूंची स्थिती सुधारली नाही, तरीही त्यांना हायसे वाटले आणि ती पुन्हा दम धरू शकली. म्हणजे छाती हलली, फुप्फुसे ताणली गेली, एवढ्यानेही ओढ काही काळ शमते. माझ्या मते पाण्याखाली या ओढीचा भरवसा धरण्यात अर्थ नाही, कारण ती शमली म्हणजे ऑक्सिजन शिल्लक आहे असे मुळीच नव्हे.

खानापूरकर:
तेव्हा पैज आता काठावर, घड्याळ लावून, बसूनच. थोरला रुसला आहे. धाकट्यांना काहीच फरक पडलेला नाही, ते आता मुटके मारण्यात गर्क आहेत.