आधी ब्रेक ऑइल, मग मोठ्या डिस्क

लांब उतारावर गाडीचं ब्रेक पेडल मऊ पडतं, अशी एकाची तक्रार आहे. त्यावर त्याला मोठ्या डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) आणि नवे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसवायचा सल्ला मिळालाय. पण अशा तक्रारीचं कारण बहुतेक वेळा जुनं ब्रेक ऑइल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पाय बुडबुडे दाबत बसतो आणि पॅडपर्यंत जोर पोचतच नाही.

जुनं ऑइल काढून नवं भरायला कॅलिपरवरच्या ब्लीडर निपलला (ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या तोंडाला) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवा. निपल उघडल्यावर पेडल दाबायला एकजण हवा. निपल बंद केल्याशिवाय त्याने पाय उचलायचा नाही! ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका, हवा शिरेल. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ च्या ब्रेकमध्ये अजिबात चालत नाही.

चाक काढलंच आहे तर कॅलिपरच्या सरकपिनाही (ज्यांच्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो त्या पिना) बघा. माझ्या गाडीत आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा होता, कारण पिन गंजून अडकली होती. साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. गाडी मात्र नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावाच.