लोकवर्गणीतून स्मार्ट बोर्ड घ्यावा का? (दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी)

माणगंगाकाठ
गावच्या जिल्हा परिषद शाळेला यात्रेच्या वर्गणीतली शिल्लक द्यायची ठरली आहे, त्याला कुणाची ना नाही. वाद आहे तो त्या पैशांचं काय करायचं यावर. शाळा व्यवस्थापन समितीतले बहुतेक जण मोठ्या टच पॅनेलच्या बाजूचे आहेत. शेजारच्या गावात ते आहे आणि तिथे उद्घाटनाला आमदार आले होते, हे मुख्य कारण. बाकीची कारणं मागाहून जोडलेली.

माझा विरोध आहे. पहिलीच्या पोराला अक्षर हाताने गिरवावं लागतं, खडे-काड्या मोजाव्या लागतात. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट) फरशीवर आखलेले तक्ते, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे एवढ्यावर मुलं लिहू-वाचू लागली आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्यानंतर ज्ञानरचनावाद (मूल स्वतः हाताळून, करून शिकतं ही पद्धत) आणि डिजिटल शाळा या दोन्ही गोष्टी गावोगाव पोचल्या. डिजिटल शाळेचा फोटो छान येतो, म्हणून वर्गणी तिकडे जास्त गेली, असं माझं मत. आणि जिथे पैशाची ददात नाही त्या स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी मुद्दाम निधी काढला. ते मागे वळतायत आणि आपण धावत सुटलोय.

माझा प्रस्ताव असा: गोष्टीची पुस्तकं घ्या, गणिताचं साहित्य घ्या आणि उरलेल्या पैशात गावातल्या एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीला मानधन द्या.

खडूफळा
मी जि. प. शिक्षिका आहे. स्वीडनचं उदाहरण आमच्या शाळेला लावू नका हो! माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र बसते. दुसरीला हातच्याची बेरीज शिकवताना पहिलीची पोरं काय करत असतील, कधी बघितलंत? टीव्हीवर कृतिगीत लावलं की तेवढ्या वेळात दुसरीची चार गणितं होतात. दुष्काळी तालुक्यातल्या मुलांना भरती-ओहोटी शिकवायची तर फळ्यावर दोन नागमोडी रेघा काढून भागत नाही. व्हिडिओ दाखवला की मागच्या बाकावरचंही पोर प्रश्न विचारतं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले सरांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले, तेव्हाही लोक हसलेच असतील. २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ त्यांनाच मिळालं आणि आज बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापलेले असतात.

निवृत्त गुरुजी
बाई, तेवढा वेळ पोरं गप्प बसतात याला शिकणं नाही, सांभाळणं म्हणतात.

खडूफळा
गुरुजी, मान राखून सांगते. तुमच्या काळी सरल, यू-डायस ही शाळेची-मुलांची माहिती ऑनलाइन भरायची सरकारी पोर्टलं नव्हती, पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर नव्हती. माझ्या हातातलं तंत्रज्ञान शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यातच जास्त झिजतं. वर्गात थोडं वापरलं तर लगेच 'सांभाळणं'?

निवृत्त गुरुजी
माहिती भरण्याबद्दल एकदम मान्य. तिथे मी तुमच्या बाजूने मोर्चात येतो. पण त्यासाठी पॅनेल लागत नाही. आणि वीजबिलाचं काय? सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशात खडू आणायचे की बिल भरायचं? मीटर कापला की पॅनेलला पडदा शिवावा लागेल.

आकडेमोड
दोन्ही बाजू पॅनेलवरच अडकल्यात. पॅनेल कितीही स्मार्ट असलं तरी सगळ्या वर्गाला एका वेळी एकच गोष्ट दाखवणार. म्हणजे फळाच. आपल्या वर्गांची अडचण तर उलटी आहे: चौथीत बसलेलं एक पोर पहिलीच्या पातळीवर असतं, दुसरं पाचवीच्या. दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला होता, तो २०१९ मध्ये छापून आला. कुणाला संधी मिळणार हे सोडत काढून ठरवलं होतं. शाळेबाहेरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत सोडतीत न लागलेल्या मुलांपेक्षा चांगलीच वाढ दिसली. कारण ते सॉफ्टवेअर मूल जिथे अडलंय तिथून सुरू करतं, इयत्ता विचारत नाही. त्याच पैशात काही टॅब घ्या. बाईंची बहुवर्गाची अडचणही सुटते: एक गट टॅबवर, दुसरा बाईंपाशी.

माणगंगाकाठ
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या केंद्रांत दीड तासाची बैठक असायची. त्यातली ४५ मिनिटं संगणकावर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात माणूस शिकवायचा. वाढ कुणामुळे झाली, हे वेगळं काढता आलेलं नाही. उलट पेरूमध्ये सरकारने खेड्यातल्या शाळांना लॅपटॉप वाटले. तपासलं तर गणितात आणि भाषेत फरक पडला नव्हता. म्हणजे शेवटी माझी डी.एड.वाली मुलगीच लागते की!

आकडेमोड
लागते, नाही कुठे म्हणतोय? पण नुसत्या त्या मुलीला चार इयत्तांतल्या प्रत्येक पोराची पातळी रोज तपासता येईल का? यंत्राकडून तेवढंच काम घ्यायचं. जे शिक्षकाला वेळेअभावी जमत नाही ते यंत्राला द्या, जे शिक्षक उत्तम करतो ते दुप्पट खर्चात यंत्राकडून करून घेऊ नका.

कोची-मुक्काम
नोकरीनिमित्त केरळात आहे. इथे 'काइट' या सरकारी संस्थेने आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गखोल्यांत लॅपटॉप-प्रोजेक्टर बसवले. पण त्याआधी पंधराएक वर्षं शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं, आणि सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर, परवान्याचे पैसे शून्य. 'लिटल काइट्स' क्लबमधली मुलं वर्गातल्या यंत्रांच्या देखभालीत हात लावतात. आपल्याकडे वस्तू आधी येते. तिचं कव्हर काढायचं की नाही, यावर मग वर्षभर विचार.

अर्थात तिथली सुरुवात आठवीपासून होती, पहिली-दुसरीपासून नाही. धागाकर्त्याचा हा मुद्दा कुणीच खोडलेला नाही.

खडूफळा
चौथीपर्यंत स्क्रीन नको म्हणणाऱ्यांनी घरी काय चाललंय ते बघावं. जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल. निदान शाळेत त्याचा चांगला उपयोग दिसू दे.

माणगंगाकाठ
घरी चालतं म्हणून शाळेतही? २०२४ च्या 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के निघाले, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल दीड तास बंद ठेवले. त्याला वर्गणी लागली नाही.

खडूफळा
भोंग्याचं कौतुकच आहे. पण तुमच्या त्या डी.एड.वाल्या मुलीचं मानधन पुढच्या वर्षी कोण देणार, ते सांगा. यात्रेची शिल्लक दरवर्षी राहत नाही. पॅनेल निदान जागेवर असतं.

विक्री-दुरुस्ती
हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो. टॅब घ्या नाहीतर पॅनेल, आधी खोलीत अर्थिंग करून घ्या आणि विजेचा दाब दुपारी मोजा. जुन्या खोल्यांत गळतीच्या भिंतीवर पॅनेल टांगलेलं मी स्वतः उतरवलंय. वॉरंटीत माणूस शाळेत येणार की पॅनेल तालुक्याला न्यायचं, हे कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी चालत नाही. मजकूर इंटरनेटशिवाय चालतो का, तेही विक्रेत्याला वाय-फाय बंद करून दाखवायला लावा. बहुतेक जण तिथेच विषय बदलतात. कोटेशन आलं असेल तर आकडे झाकून इथे टाका, बघून सांगतो.