पऱ्हाटी म्हणजे नोटा, म्हणे!

धुऱ्यावरचा माणूस
काल एका दादानं इथं टाकलं, "पऱ्हाटीचा कचरा पेटवणारे शेतकरी नोटा पेटवून राह्यले, इथेनॉलवाल्यांना विका." दादा, पऱ्हाटी, म्हंजे कापूस वेचून उरलेली झाडं, उपटली काय कधी? फेब्रुवारीत काळी जमीन दगडासारखी होते, चिमटा लावून एकेक झाड ओढा लागते, हाताले फोड येतात. मागच्या साली माह्या दोन एकराची ट्रॉलीत भरली तं ट्रॉली डोंगराएवढी, अन् काट्यावर नेली तं सगळी हवाच! ते कारखान्यापर्यंत पन्नास किलोमीटर न्यायचं डिझेल कोण देते? अन् कचरा कायले म्हणता, माही माय आजही पऱ्हाटीवर भाकरी टाकते, सिलिंडर फक्त पाहुणे आले की.

केमिस्टभाऊ
भावना ठीक, पण पानिपतचा इथेनॉल प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला, वर्षाला २ लाख टन तणसापासून ३ कोटी लिटर इथेनॉल असा त्याचा हिशोब आहे. आणि २०१७ ची बोंडअळी विसरलात? उभी पऱ्हाटी, त्यात राहिलेली बोंडं, तिथंच अळी दडते. कुणी पैसे देऊन उचलत असेल तर फायदाच ना.

धुऱ्यावरचा माणूस
पानिपतात धान हाय, तणसाची गाठ बांधता येते. पऱ्हाटी लाकूड हाय लाकूड! धानवाल्या गोंदिया-भंडाऱ्याले जाऊन सांगा.

सोयाबीनग्रस्त
माह्यासमोर इथेनॉलचं नाव काढू नका. मक्याचं इथेनॉल वाढलं, त्याचा चोथा (डीडीजीएस) कोंबडीखाद्यात गेला, तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप कोण घेते मग? २०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलले ५३२८ होता, अन् मी दिवाळीच्या तोंडावर ३९०० नं दिलं, पोट्टीची फी भरायची होती. अडत्या म्हणे ओलावा जास्त हाय. दातानं फोडून दाखवला दाणा, कट्‌कन वाजला, तरी मान हलवते.

केमिस्टभाऊ
विषय पऱ्हाटीचा आहे. आणि भाव काय एकट्या डीडीजीएसनं पाडला? बाहेरून येणारं पामतेल दिसत नाही का?

सोयाबीनग्रस्त
पामतेल हाय ना, मी कुठं नाही म्हटलं. पण तेलानं मारलं म्हणून ढेपीनं मारायचं का? एसीत बसून शिकवू नका.

केमिस्टभाऊ
एसी? माझा बाप ६८ व्या वर्षी वखर हाणतो, तूर त्याची अजून शेतात आहे. मी नोकरीला लागलो म्हणून सातबारा मिटला नाही. मक्याचा राग पऱ्हाटीवर काढू नका एवढंच म्हणतो, पऱ्हाटीत मक्यासारखा स्टार्च नसतो, आधी आम्ल-वाफेनं फोडा, मग एन्झाइम टाकून साखर करा, ती आंबवा, उरतं ते लिग्निन, म्हणजे लाकडाचा कडक भाग, बॉयलरात जळतं. कोंबडी खात नाही ते.

फटफटीवाला
अन् माह्या जुन्या गाडीचा ॲव्हरेज कोणी खाल्ला ते पण सांगा 😡 पेट्रोलात मिसळतात त्या इथेनॉलात पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांश कमी, पंपावर भाव तोच.

सोयाबीनग्रस्त
फटफटीवाल्या, तुह्यासाठी वेगळा धागा काढ. ढेपीचं उत्तर अजून आलं नाही.

धुऱ्यावरचा माणूस
बरं, केमिस्टभाऊ, लिग्निनचं खरं असंल, तुमच्या बापाले रामराम सांगा. आता माहं ऐका. गाडी धुऱ्यावर आणा, उपटणारे मजूर तुमचे, काटा माह्या डोळ्यासमोर, पैसे तिथंच रोख. मग न्या पऱ्हाटी. मायसाठी चार भारे काढून ठेवीन आधी.