१०१ आणि १०२ यांत गल्लत नको

एका ताईंनी लिहिलंय की पाकिटावर 'रंग १०१' (खाद्यरंगाचा क्रमांक) दिसला म्हणून त्यांनी मुलांचा खाऊ फेकून दिला. काळजी समजते, पण १०१ म्हणजे रायबोफ्लेविन, अर्थात जीवनसत्त्व ब-२. श्रीखंडाचा चक्का बांधला की खाली जे हिरवट-पिवळं पाणी गळतं ना, त्याला तो रंग याच्यामुळे येतो. जुनं नाव लॅक्टोफ्लेविन, म्हणजे दुधातलं पिवळं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही ते परवानगी असलेल्या नैसर्गिक रंगांत मोडतं.

मात्र 'नैसर्गिक' म्हणजे दुधातून काढलेलं असं समजू नका. आज ते बहुतेक सूक्ष्मजीवांकडून, किण्वनाने बनवतात. रेणू तोच असतो.

जास्त झालं तर? आतडं एका वेळी साधारण २७ मिलिग्रॅमच शोषू शकतं आणि शोषलेलं जास्तीचं लघवीवाटे जातं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी गडद पिवळी होते ती यामुळेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये फेरतपासणी करून रंग म्हणून याच्या वापरात धोका दिसत नाही असंच म्हटलं. उजेडात हा रंग टिकत नाही, ही त्याची खरी अडचण.

१०२ म्हणजे टार्ट्राझिन हा कृत्रिम पिवळा रंग, ते वेगळं. युरोपात त्यावर मुलांच्या चंचलतेबद्दल इशारा छापावा लागतो. आणि मला खरी भीती वाटते ती सुट्या मिठाईतल्या मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची. त्याला खाण्यात वापरायची परवानगीच नाही, आणि सुट्या मालावर आकडा वाचायला पाकीटही नसतं.